बस्त्याची भाषा आणि ऑनलाइन दुकान

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात कपड्यांचे ऑनलाइन दुकान काढायचे, तर फ्रेंच ठेवायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर राहत नाही. 1977 च्या फ्रेंच भाषेच्या सनदेने तिथल्या ग्राहकाला फ्रेंचमधून माहिती आणि सेवा मिळण्याचा हक्क दिला. 2022 च्या दुरुस्तीने तो आणखी कडक केला. इंग्रजी पानावर जे मिळते ते फ्रेंच पानावर कमी दर्जाने देऊन भागत नाही. खरेदीच्या अटी, ज्यांना ग्राहकाने फक्त 'मान्य' म्हणायचे असते, त्या आधी फ्रेंचमध्ये त्याच्यापुढे ठेवायच्या. त्यानंतर त्याला हवी असेल तर दुसरी भाषा. सिमन्ससारखे 1840 पासून क्वेबेक शहरात कापडाच्या धंद्यात असलेले घराणे असो की काल सुरू झालेला छोटा ब्रँड, दोघांनाही हाच नियम.

या सक्तीतून एक विद्या तयार झाली. दुकान आधी एका भाषेत उभे करायचे, तिच्यातच मालाची वर्गवारी, वर्णने, मापे, अटी आणि तक्रारीची उत्तरे पक्की करायची आणि मग दुसऱ्या भाषेला दार उघडून द्यायचे. हे काम करणाऱ्याला थोडे संगणकाचे, थोडे कायद्याचे, थोडे भाषेचे आणि बऱ्यापैकी कापडाचे ज्ञान लागते. नांदेड-लातूरकडच्या वाचकाला, मग तो वजिराबादेतल्या दुकानदाराचा मुलगा असो की अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, या विद्येच्या उंबऱ्याशी आणून सोडणे एवढाच या प्रस्तावनेचा उद्देश आहे.

आपल्याकडे कायदा पाटीपाशी थांबतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि तिची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान नकोत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने दुकानदारांना 2 महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलल्या. मात्र ज्या दुकानाची पाटी मराठी, त्याचेच संकेतस्थळ बहुधा नखशिखांत इंग्रजी असते. वेष्टनावरच्या मजकुराचे 2011 चे केंद्रीय नियम हिंदी किंवा इंग्रजीवर समाधान मानतात. मराठी घातली तर हरकत नाही, एवढेच. म्हणजे क्वेबेकमध्ये जे सरकारने करवून घेतले, ते इथे धंद्याच्या हिशेबात बसले तरच होणार. माझ्या मते ते बसते, आणि अस्मितेचा मुद्दा मध्ये न आणताही बसते.

त्यासाठी बस्त्याचे उदाहरण घेऊ. लग्न ठरले की घरची पाच-सात माणसे गादीवर येऊन बसतात. नवरीचा शालू आणि वरमाईची साडी यांवर वेळ जातो खरा, पण मालाचा मोठा भाग असतो मानपानाचा आणि आहेराचा. यादी घरातल्या एखाद्या जाणत्या बाईच्या हातात असते. "तीनशेच्या वीस काढा." "यातली एक जरा बरी दाखवा, मावळणीला द्यायचीय." "हा काठ नको, धाकट्या जावेला असलाच घेतला होता." टॉवेल-टोपी, धोतरजोड्या, ओटीचे खण सगळे त्याच बैठकीत. शेवटी सवाल येतो, "उरलेल्या परत घ्याल ना?" आणि ओळखीचा दुकानदार मान हलवतो.

आता कोणतेही तयार ऑनलाइन दुकान उघडून पाहा. एक ग्राहक, एक पत्ता, एक माप, सात दिवसांत परत. पाश्चात्त्य दुकानांत लग्नाच्या भेटींची यादी असते, पण ती वधूवरांनी करायची आणि पाहुण्यांनी त्यातले विकत घ्यायचे. आपला व्यवहार नेमका उलट: लग्नघर घेते, पाहुण्यांना देते. इंग्रजी साचा घेऊन त्यावर मराठी चढवली, तर प्रत्येक बटण शुद्ध मराठीत वाचता येईल आणि बस्ता तरीही बांधता येणार नाही. दुकानाचा आराखडाच मराठीत विचार करून काढला, तर पिशवीच्या जागी यादी येते. तिच्यात माणसाचे नाव, नाते, किमतीचा पट्टा, काय काढून ठेवले आणि काय राहिले, हे दिसते. परत करण्याची मुदत डिलिव्हरीपासून न मोजता लग्नाच्या तारखेपासून मोजली जाते. 'भाषा आधी' म्हणतात ते याला. हे कळले की या क्षेत्रातला अर्धा गोंधळ संपतो.

मालाच्या वर्णनाचेही तसेच. लातूरकडच्या बायकांच्या अंगावर इरकल पिढ्यानपिढ्या आहे. ती विकताना काठ किती रुंद, पदर टोपाचा आहे का, ताणा सुती की रेशमी, सहावारी की नऊवारी, पहिल्या धुण्यात रंग जाईल का, ही माहिती हवी. संकेतस्थळावर बहुधा मिळते 'सुंदर पारंपरिक साडी, सर्व समारंभांसाठी योग्य'. हे वाचून कोण घेईल? काउंटरवरचा नोकर याहून चांगले बोलतो. फोटोतला रंग मोबाइलगणिक बदलतो, त्यामुळे मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, अबोली ही नावे तिथे चक्क उपयोगाची ठरतात. गिऱ्हाईक त्यांवरून छटा ओळखते.

आता थोडे यंत्राकडे. पहिली अडचण जुन्या टंकांची. आपल्या गावातल्या डीटीपीवाल्याने दुकानाची पत्रके वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या टंकांत केलेली असतात. तो मजकूर उचलून संकेतस्थळावर टाकला की अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो, कारण त्यातले पुष्कळसे युनिकोडमध्ये नसते. आधी रूपांतर, मग तपासणी; त्याला पर्याय नाही. दुसरी अडचण ओळींच्या उंचीची. इंग्रजीसाठी बेतलेल्या बटणात देवनागरी घातली की वर रफार कापला जातो आणि खाली उकार. फ्रेंचवाल्यांचा त्रास वेगळा: त्यांची वाक्ये इंग्रजीहून लांब, म्हणून बटणे आडवी फुटतात. आपली उभी फुटतात. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू हे मुक्त टंक या कामाला चांगले आहेत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवली, तर ल आणि श यांची मराठी वळणे दाखवण्याची सोय काही टंकांत असते. ती नोंद राहिली तर हिंदी वळणे येतात. वाचणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते.

शोधाच्या चौकटीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. एक जण 'इरकल' लिहील, दुसरी 'इरकली साड्या', तिसरा रोमन लिपीत 'इलकल', चौथी माइकवर बोलेल. मराठीत शब्द विभक्तीने वळतो: साडी, साड्या, साडीचा, साड्यांवर. साधे शोधयंत्र यांना वेगवेगळे शब्द समजते. शिवाय 'दुसऱ्या'मधला ऱ्या संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. डोळ्याला तो एकच दिसतो, यंत्राला दोन. हे सगळे एका ठिकाणी आणून जुळवले नाही, तर माल गोदामात असताना गिऱ्हाइकाला 'काही सापडले नाही' असे उत्तर मिळते. आकड्यांबाबत फारसे डोके चालवू नये: लाखाचा स्वल्पविराम आपल्या रीतीने, 1,00,000 असा, आणि अंक देवनागरी की इंग्रजी ते एकदा ठरवून सगळीकडे तेच.

दुसरी भाषा इंग्रजीच असावी, हेही गृहीत धरू नये. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणारा यात्रेकरू आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आहे, उदगीर-देवणीकडे कानडी, आणि शहरांत दख्खनी वळणाची उर्दू. निजामाच्या राज्यात दरबार उर्दूत चालला आणि बाजार या सगळ्या भाषांत. 17 सप्टेंबर 1948 नंतर दरबाराची भाषा बदलली. बाजाराची सवय मोडली नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. दुभाषी दुकानाची मांडणी तशी असावी: रस्ता कुठलाही धरा, मध्यभागी पोचता आले पाहिजे, आणि भाषा बदलताना गिऱ्हाईक पुन्हा वेशीवर फेकले जाऊ नये. पुष्कळ संकेतस्थळे नेमके हेच करतात. साडीच्या पानावर भाषा बदलली की थेट मुखपृष्ठ!

या दोन जिल्ह्यांत या कामाला माल कमी नाही. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे राष्ट्रध्वज राज्याबाहेरही जातात. त्यासाठीची खादी उदगीरला विणली जाते आणि झेंडे नांदेडला तयार होतात. झेंडा घेणारा ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा माणूस असेल तर त्याला दरपत्रक आणि पावती मराठीत हवी असते, कारण त्याचे दफ्तर मराठी आहे. परराज्यातल्या कार्यालयाला तीच कागदपत्रे हिंदी-इंग्रजीत लागतात. दुभाषी दुकानाचा यापेक्षा स्वच्छ धडा दुसरा नाही. किनवट-माहूरच्या तांड्यांवरचे बंजारा भरतकाम, फेटिया आणि काचळीवरची आरशांची आणि टाक्यांची कारागिरी, हा दुसरा माल. तो 'एथनिक' या एका शब्दाखाली विकला जातो, हे मला पटत नाही. तिथे पहिले वर्णन गोरमाटीत ऐकून घ्यावे, मराठीत लिहावे, मग पुढे जावे.

एक कायदेशीर बाब विसरू नये. ई-कॉमर्सच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात व्हावे लागते. पान मराठी आणि तक्रारीला उत्तर इंग्रजीतून आलेले छापील, असे असेल तर ते मराठी दुकान नव्हे. कोणत्या भाषेत उत्तर देणारा माणूस आपल्याकडे आहे, यावरून दुकानाची पहिली भाषा ठरवावी. क्वेबेकच्या कायद्यानेही नुसते पान मागितले नाही, सेवा मागितली.

तेव्हा वाचकहो, संगणकवाल्याला बोलावण्याआधी दुकानातला पन्नास नगांचा माल समोर घ्या. जो नोकर रोज तो उलगडून दाखवतो त्याला शेजारी बसवा आणि प्रत्येक नगाचे वर्णन त्याच्या तोंडून मराठीत लिहून काढा. पुढची प्रकरणे त्या वहीसह वाचावीत.