भारतीय रेल्वे आणि सामाजिक परिवर्तन

भारतीय रेल्वे आणि सामाजिक परिवर्तन यांच्यातील संबंध हा इतिहास व समाजशास्त्र या विषयांत अभ्यासला जाणारा विषय आहे. तंत्रज्ञानाच्या प्रगतीमुळे समाजाचीही प्रगती होते का, या व्यापक प्रश्नाचे भारतातील हे एक महत्त्वाचे उदाहरण मानता येते. रेल्वेमुळे प्रवास, व्यापार आणि स्थलांतर यांचे स्वरूप बदलले. मात्र जातिभेद आणि आर्थिक विषमता केवळ तिच्यामुळे नाहीशी झाली नाही.

पार्श्वभूमी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून' या वृत्तपत्रातील लेखात कार्ल मार्क्स यांनी, रेल्वेतून उभे राहणारे आधुनिक उद्योग जातिव्यवस्थेचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील, असे भाकीत केले. याउलट महात्मा गांधी यांनी 'हिंद स्वराज' (१९०९) या पुस्तकात रेल्वेमुळे रोगराई पसरते व दुष्काळ वाढतात, अशी टीका केली.

दुष्काळ आणि रेल्वे

१८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई व मद्रास इलाख्यांत रेल्वेने धान्य पोहोचवले जात होते. तथापि वाढलेल्या भावाने ते विकत घेण्याची ऐपत अनेकांकडे नव्हती आणि त्याच काळात देशातून धान्याची निर्यातही चालू होती. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळ निवारणासाठी रेल्वेच्या विस्तारावर भर दिला. अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांच्या संशोधनानुसार रेल्वेमुळे प्रदेशाप्रदेशांतील किमतींची तफावत कमी झाली व वास्तव उत्पन्न वाढले.

जातिव्यवस्था आणि रेल्वे

रेल्वेच्या डब्यांची विभागणी भाड्याच्या दरानुसार असल्याने निरनिराळ्या जातींचे लोक एकाच डब्यात बसू लागले. तरीही स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' अशी वेगळी व्यवस्था दीर्घकाळ होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात १९०१ मधील एक प्रसंग नोंदवला आहे. त्यांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी आंबेडकर इतर मुलांसोबत साताऱ्याहून रेल्वेने निघाले व मसूर स्थानकावर उतरले. प्रवास सुरळीत झाला होता. मुलांच्या पोशाखावरून स्टेशनमास्तरांना त्यांची जात ओळखता आली नाही. मात्र ती महार असल्याचे समजताच त्यांचे वागणे बदलले. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकाने बैलगाडी दिली, पण मुलांनी ती स्वतः हाकायची आणि त्याने सोबत पायी चालायचे, अशी अट ठरली. वाटेत त्यांना प्यायला पाणीही मिळाले नाही.

रेल्वेच्या अंतर्गत कामांतही जातीचा प्रभाव राहिला. डब्यांतील शौचालयांचा मैला थेट रुळांवर पडत असे आणि तो साफ करण्याचे काम प्रामुख्याने दलित जातींतील कामगारांकडे असे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ मध्ये झालेल्या कायद्याच्या व्याख्येत रेल्वेमार्गाचा स्पष्ट उल्लेख आहे. अलीकडच्या काळात डब्यांमध्ये जैवशौचालये बसवण्यात आली.

मूल्यमापन

अस्पृश्यतेचा असा अनुभव असूनही आंबेडकरांनी यंत्रांचा विरोध केला नाही. 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' (१९४५) या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधी भूमिकेवर टीका केली. यंत्रांमुळे माणसाला कष्टांतून उसंत मिळते व सांस्कृतिक जीवन शक्य होते. यंत्रयुगातील दुष्परिणामांचा दोष यंत्रांचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या दृष्टिकोनानुसार तंत्रज्ञान प्रगतीची शक्यता निर्माण करते. तिचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचण्यासाठी समाजरचनेतही बदल आवश्यक ठरतो.