किल्ला कुणाचा ते नंतर, आधी पाणी कुठलं ते सांगा

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

मध्ययुगीन इतिहासाचं वेड लागलेला माणूस सुट्टीच्या दिवशी घरात सापडत नाही. माझंही तेच. देवगिरी, बीदर, विजापूर, बऱ्हाणपूर, नगरचा भुईकोट, अशी भटकंती गेली कित्येक वर्षं चालू आहे. या सगळ्या ठिकाणी एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "हा किल्ला नेमका कुणाचा हो? आपला की त्यांचा?"

आता देवगिरीपुरतं उत्तर द्यायचं तरी बोटं मोजावी लागतात. यादवांचा, मग खलजींचा, मग तुघलकाचा, मग बहामनींचा, निजामशाहीचा, मुघलांचा, 1760च्या उदगीरच्या लढाईनंतर काही काळ पेशव्यांचा आणि शेवटी हैदराबादच्या निजामाचा. यातला प्रत्येक मालक "हा आमचा" म्हणतच आला आणि म्हणतच गेला. त्यामुळे मी हल्ली हा प्रश्न बाजूला ठेवतो. किल्ल्यात शिरलो की दोन गोष्टी शोधतो. इथे पाणी कुठून यायचं, आणि धान्य कुठे ठेवायचे? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीचा इतिहास बराचसा आपोआप उलगडतो.

देवगिरीचाच विचार करा. डोंगराचा कातळ चारी बाजूंनी तासून सरळसोट भिंतीसारखा केलाय. खाली खडकात खोदलेला खंदक. वर जायला ती प्रसिद्ध अंधारी, जिच्यात आजही टॉर्च बंद केला की सोबतच्या लेकरांची रडारड सुरू होते. असा किल्ला लढून घेणं जवळपास अशक्य. तरीही तो पडला. कसा?

1296 साली कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन खलजी काही हजार घोडेस्वार घेऊन एलिचपूरमार्गे अचानक येऊन थडकला. रामदेवराय यादवांची मुख्य फौज तेव्हा राजपुत्राबरोबर दूर होती. राजाने किल्ल्याचे दरवाजे बंद केले. इथून पुढची हकिगत फरिश्ता सांगतो. घाईघाईने किल्ल्यात चढवलेली पोती धान्याची समजून ठेवली होती, ती उघडली तर निघालं मीठ! फरिश्ता हा घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिणारा माणूस. त्यामुळे पोत्यांची गोष्ट शंभर टक्के अशीच घडली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ती गोष्ट इतकी शतकं टिकली, यातच काहीतरी आहे. लोकांच्या आठवणीत देवगिरी तलवारीने पडली नाही, कोठारामुळे पडली.

पुढे 1633 साली मुघल सरदार महाबतखानाने याच किल्ल्याला वेढा घातला. आत निजामशाहीचा वजीर फतेहखान, म्हणजे मलिक अंबरचा मुलगा. बाहेरच्या तटांना सुरुंग लागले हे खरं, पण आत धान्यही संपत आलं होतं. वरचा बालेकिल्ला तसाच अभेद्य होता. तो शेवटी वाटाघाटीने दिला गेला. कातळाने आपलं काम केलं होतं, पोटाने दगा दिला.

आपल्याकडे ज्यांनी किल्ल्यांचा सगळ्यात व्यवहारी विचार केला, त्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हेच सांगून ठेवलंय. किल्ला बांधायचा तर आधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर कातळ फोडून टाकी बांधा. एक झरा आहे म्हणून त्यावर विसंबू नका, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. किती बारीक विचार आहे बघा! आपण गडावर जाऊन घोषणा देतो, फोटो काढतो, टाक्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकतो आणि खाली येतो. ज्या टाक्यांमुळे गड लढला, ती टाकी आपल्या लेखी कचराकुंडी.

आता देवगिरीवरून पंधराएक किलोमीटरवर असलेल्या शहराकडे येऊ. 1610च्या सुमारास मलिक अंबरने खडकी नावाच्या वस्तीत आपलं शहर वसवायला घेतलं. हा मूळचा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये पोचलेला आणि शेवटी निजामशाहीचा कर्ता-करविता झालेला माणूस. मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले यांची कारकीर्द ज्या निजामशाहीत घडली, तीच ही.

खडकीची अडचण साधी होती. पाणी कमी. शहराजवळून वाहणारी खाम नदी बारमाही भरवशाची नाही. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, जमिनीत मुरलेलं पाणी गाठलं. जमिनीखालून बांधीव नहर आणली. वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं ठेवली, म्हणजे हवा खेळती राहते आणि आत उतरून गाळ काढता येतो. शहरात आलं की पाणी खापरी नळांतून हौदांमध्ये. कुठे मोट नाही, रहाट नाही. फक्त जमिनीचा उतार ओळखायचा आणि पाण्याला त्याच्या चालीने चालू द्यायचं. हीच ती नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात इतरांनी आणखी नहरी काढल्या. पाणचक्कीजवळ आपण सेल्फी काढतो, तिथलं पाणीही अशाच एका नहरीतून येतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं.

हे ज्ञान एकट्या अंबरचं नव्हतं. बीदरला नौबादजवळ बहामनी काळातली कारेज आहे, जमिनीखालून पाणी आणणारी विहिरींची माळ. हे तंत्र मूळचं इराणकडचं. शतकानुशतकं ती गाळाने भरलेली होती. अलीकडच्या काळात गाळ काढायला घेतला तर खाली अख्खा बोगदा! विजापुरात तोरवीकडून भूमिगत पाणी आणलेलं. नगरला आजूबाजूच्या गावांतून खापरी नळ. आणि फक्त सुलतानच हे करत होते असंही नाही. यादवकाळापासूनच्या बारवा मराठवाड्यात गावोगाव आहेत. शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून मालोजीराजांनी तिथे तलाव बांधला, तोही याच काळात, 1600च्या आसपास. म्हणजे पाण्याच्या बाबतीत "आपले" आणि "त्यांचे" दोघेही एकच भाषा बोलत होते. दुष्काळी दख्खनची भाषा.

इथे काही जण लगेच म्हणतील, "बघा, तेव्हाचे राज्यकर्ते किती थोर होते!" थांबा. एवढं गोड चित्र रंगवायची मला हौस नाही.

एक तर हे पाणी आधी महालात, हमामखान्यात, बागेत जायचं. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला काय यायचं, ते कुठल्या तवारिखेत लिहिलेलं नाही. दुसरं म्हणजे पाणी हे हत्यारही होतं. 1624च्या भातवडीच्या लढाईत याच मलिक अंबरने तलाव फोडून मुघल आणि आदिलशाही फौजांची वाट चिखलात घातली. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. नहर बांधणारा आणि बांध फोडणारा हात एकच.

आणि तिसरं, सगळ्यात कडू. बऱ्हाणपूरला जा. तापीकाठचं, मुघलांचं दख्खनचं ठाणं. खानखाना अब्दुर्रहीम सुभेदार असताना, 1615च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्यापासून शहरापर्यंत भूमिगत पाणी आणलं गेलं. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. त्यातल्या एका कुंडीत लिफ्टने खाली उतरता येतं. वर रणरणतं ऊन आणि खाली गार, निवळशंख पाणी. बघून माणूस थक्क होतो. पण त्याच बऱ्हाणपुरात पंधरा-सोळा वर्षांनी काय झालं? 1630 ते 1632 या काळात गुजरात आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. शाहजहान तेव्हा निजामशाही बुडवायला फौजफाट्यासह बऱ्हाणपुरातच मुक्कामाला होता. मुमताजमहल 1631 साली तिथेच वारली. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून त्या वाटेने गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांची त्याने केलेली वर्णनं आजही वाचवत नाहीत. बादशहाचा दरबारी इतिहासकार लाहोरीसुद्धा दुष्काळाची भीषणता लपवत नाही. बादशहाने लंगर काढले, पैसे वाटले, काही सारामाफी दिली. पण मोहीम थांबवली नाही. ज्या मुलखात माणसं अन्नावाचून मरत होती, त्याच मुलखातून फौजेचं धान्य आणि घोड्यांचा चारा उचलला जात होता.

म्हणजे शहराखाली उत्तम नहर असूनही भोवतालचा मुलूख उपाशी मरू शकतो. कारागिरी एक गोष्ट आणि राज्यकर्त्याचं प्राधान्य दुसरी. आपण ताजमहाल बघताना त्या प्रेमाची गोष्ट सांगतो. त्याच वर्षी त्याच बऱ्हाणपूरच्या आसपास किती आया मेल्या, त्यांच्या कबरी कुठे आहेत?

आता आजचं. मलिक अंबरच्या खडकीचं पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद झालं आणि 2023 साली छत्रपती संभाजीनगर झालं. नावाबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो, त्यावर इथे भांडायला मी बसलेलो नाही. पण या शहरात माझे नातेवाईक आहेत. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो की पहिला प्रश्न असतो, "आज पाण्याचा दिवस आहे का?" पाण्याचा दिवस! तो दोन दिवसांनी येतो, पाच दिवसांनी येतो, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येतो. घरातल्या बाईची झोप, पोराची शाळा, आजोबांचं दवाखान्यात जाणं, सगळं त्या दिवसाभोवती फिरतं. ज्याला परवडतं तो टँकर मागवतो. ज्याला परवडत नाही तो ड्रम घेऊन रांगेत.

पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर आहे. 1976 सालापासून आहे. तिथून पाणी शंभरेक मीटर वर चढवून शहरात आणावं लागतं. पंप, वीज, जलवाहिनी, यातलं काहीही बिघडलं की शहर कोरडं. नव्या जलवाहिन्यांच्या घोषणा, रखडपट्टी, हंडा मोर्चे, हे सगळं या शहराने गेली पंधरा-वीस वर्षं बघितलंय.

मग काय, नहर-ए-अंबरीवर आजचं शहर जगेल? नाही. आज वस्ती लाखांत आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या नहरीवर तेवढा भार टाकणं हा बालिशपणा आहे. पण चारशे वर्षांपूर्वीचं एक शहाणपण मात्र आजही लागू आहे. पाण्याचा एकच स्रोत धरून बसू नये. अमात्यांनी किल्ल्यासाठी लिहिलं, ते शहरालाही लागू पडतं. नहरीचं पाणी बागांना, बांधकामाला, धुण्याभांड्याला वापरलं तरी तेवढं धरणाचं पाणी वाचेल. त्याऐवजी आपण काय केलं? नहरीच्या मार्गावर घरं चढवली, रस्ते खोदताना ती फोडली, तोंडांमध्ये राडारोडा आणि सांडपाणी सोडलं. नहर बांधणाऱ्यांनी गाळ काढायला माणूस उतरेल अशी सोय ठेवली होती. आपण उतरणारा माणूसच ठेवला नाही.

मला खुपतं ते हे. इतिहासावरून आपण रात्र रात्र जागून भांडतो. कुणाची कबर, कुणाचा पुतळा, कुणाचं नाव. पण त्याच इतिहासाने बांधून ठेवलेली एक चालती वस्तू आपल्या पायाखाली मरतेय आणि तिच्यासाठी कुणाला घसा कोरडा करावासा वाटत नाही. इतिहासाचा अभिमान फक्त बोलण्यापुरताच असेल तर तो मिठाच्या पोत्यासारखा आहे. वेढा पडल्यावर तोंड सोडलं की कळतं आत काय आहे.

चांगलंही घडतंय, ते सांगायलाच हवं. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात आणि बाकी महाराष्ट्रातही पोरापोरींनी सुट्टीच्या दिवशी फावडी-घमेली घेऊन बारवा साफ केल्यात. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव मातीने बुजलेली होती, ती गावकऱ्यांनी मोकळी केली. गोल गोल उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या आज लोक लांबून बघायला येतात. त्यासाठी कुठल्या राजाचं फर्मान लागलं नाही.

तर एक विनंती. पुढच्या वेळी कुठल्याही किल्ल्यावर, जुन्या वाड्यात, देवळात, दर्ग्यात गेलात तर गाईडला "हे कुणाचं?" याच्या आधी "इथे पाणी कुठून यायचं?" एवढं विचारा. आणि तुमच्या गावात एखादी बारव, नहर, हौद, खापरी नळ असेल, तर तिचा फोटो आणि आजची अवस्था कमेंटमध्ये टाका. गावाचं नाव, तालुका नीट लिहा. चांगल्या अवस्थेत असेल तर ती कोण राखतं तेही लिहा. मी यादी करतोय. दिवाळीनंतर ज्यांना वेळ आहे त्यांनी मिळून त्यातल्या जवळच्या एखाद्या ठिकाणी फावडी घेऊन जायचं, असा विचार आहे.