हत्ती होते, पण भारत नव्हता

१९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स २ : द एज ऑफ किंग्ज’ हा संगणकीय रणनीतीचा खेळ प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील डॅलस येथील ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ने तो घडवला होता आणि ‘मायक्रोसॉफ्ट’ने प्रकाशित केला होता. विषय होता रोमन साम्राज्याच्या पाडावानंतरचे मध्ययुगीन जग. खेळाडूने एक संस्कृती निवडायची, अन्न, लाकूड, दगड आणि सोने जमवायचे, नगर वसवायचे व सैन्य उभारायचे. ब्रिटनांपासून जपान्यांपर्यंत १३ संस्कृती निवडीसाठी होत्या. युद्धहत्तीही होते, पण ते पर्शियनांच्या सैन्यात. भारत नव्हता. पुढच्या वर्षी ‘द कॉन्करर्स’ या विस्ताराने अ‍ॅझ्टेक, माया, स्पॅनिश, हूण आणि कोरियन अशी पाच संस्कृतींची भर घातली. राजेंद्र चोळाचे आरमार ज्या काळात श्रीविजयावर चालून गेले, त्या काळाच्या या चित्रात भारतीय उपखंडाची जागा तरीही रिकामी राहिली.

ती उणीव प्रथम भरून काढली खेळाच्या चाहत्यांनी. मूळ खेळात चाहते जे फेरफार करतात त्यांना ‘मॉड’ म्हणतात. मूळ आज्ञावली हाती नसताना असे फेरफार शक्य झाले, याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. खेळ चालवणारे ‘इंजिन’ आणि त्यातील माहिती या दोन गोष्टी निर्मात्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. इंजिनाच्या दृष्टीने साधा धनुर्धारी म्हणजे आकड्यांची एक नोंद : जीवनशक्ती ३०, प्रहार ४, पल्ला ४, किंमत २५ लाकूड व ४५ सोने. हत्ती, किल्ला, नांगराचा शोध हे सारे अशाच नोंदींत साठवलेले. चाहत्यांनी या माहितीच्या फाइलची मांडणी उलगडली, ती बदलण्याची साधने तयार केली आणि जगाचे नियम त्यांच्या हाती आले.

मात्र हे स्वातंत्र्य एका कडक अटीने बांधलेले होते. खेळाचे अभियंते पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ साली एका लेखात ती अट सविस्तर मांडली. त्या काळचा मोडेम सेकंदाला जेमतेम २८.८ किलोबिट माहिती वाहून नेई. आठ खेळाडूंच्या शेकडो सैनिकांची स्थिती क्षणोक्षणी पाठवणे त्याला झेपणारे नव्हते. म्हणून स्थिती पाठवायचीच नाही, खेळाडूंनी दिलेल्या आज्ञा तेवढ्या पाठवायच्या आणि प्रत्येक संगणकाने संपूर्ण जग स्वतंत्रपणे गणून काढायचे, असा मार्ग निघाला. आरंभस्थिती, नियम आणि आज्ञा सारख्या असतील तर उत्तरही सारखेच येणार, हा त्यामागचा विश्वास. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो ओळखीचा वाटेल. पण एका संगणकावर एखादे हरीण किंचित सरकलेले असले, तर काही मिनिटांनी कुणा शिकाऱ्याचा भाला चुकतो, त्याच्या घरी मांस पोहोचत नाही आणि दोन जगे एकमेकांपासून दुरावत जातात. त्यामुळे मॉड एकट्याने करून भागत नाही. एकत्र खेळणाऱ्या प्रत्येकाने तेच नियम, शेवटच्या आकड्यापर्यंत, स्वीकारावे लागतात. चाहत्यांचा समुदाय या गरजेतूनही घट्ट झाला.

जानेवारी २००९ मध्ये एन्सेम्बल स्टुडिओज बंद पडला. खेळ पोरका झाला, पण खेळणारे थांबले नाहीत. नव्या रुंद पडद्यांवर तो नीट दिसावा यासाठीच्या दुरुस्त्याही चाहत्यांनीच केल्या. डिसेंबर २०१२ मध्ये ‘फरगॉटन एम्पायर्स’ हा मॉड आला. त्यात इटालियन, स्लाव्ह, मॅग्यार, इंका आणि भारतीय अशा पाच नव्या संस्कृती होत्या. वर्षभरातच, नोव्हेंबर २०१३ मध्ये, हेच काम ‘द फरगॉटन’ या नावाने खेळाचा अधिकृत विस्तार म्हणून प्रसिद्ध झाले. मॉड करणाऱ्या गटाची पुढे कंपनी झाली आणि २०१९ च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’च्या निर्मितीत तिचा प्रमुख वाटा होता.

जागा मिळाली, पण चित्र खरे झाले असे नाही. तमिळ किनाऱ्यापासून बंगालपर्यंतचा सारा प्रदेश ‘भारतीय’ या एकाच नोंदीत कोंबला गेला होता. या नोंदीची दुरुस्ती व्हायला २०२२ उजाडले. त्या वर्षीच्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारात जुन्या भारतीय संस्कृतीचे नाव हिंदुस्तानी झाले आणि तिच्यासोबत बंगाली, द्रविड व गुर्जर या स्वतंत्र संस्कृती आल्या. राजेंद्र चोळ, पाल राजा देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा खेळता येऊ लागल्या. देवगिरीच्या यादवांना मात्र स्वतःची नोंद याही विस्तारात मिळाली नाही. कोणत्या राजवटी एकत्र धरायच्या आणि कोणत्या वेगळ्या, हा निर्णय माहितीच्या तक्त्यातला असला तरी तो इतिहासाचाच निर्णय असतो, आणि व्यावसायिक खेळात त्यावरचा शेवटचा अधिकार मालकाकडे राहतो.

काही चाहत्यांनी म्हणूनच दुसरी वाट धरली. ‘० ए.डी.’ हा प्रकल्प २००१ च्या सुमारास याच खेळाचा मॉड म्हणून कल्पिला गेला. दुसऱ्याच्या बंद इंजिनात आपली कल्पना मावत नाही हे दिसल्यावर त्या गटाने स्वतःचे इंजिन लिहायला घेतले आणि जुलै २००९ मध्ये त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. या खेळात मौर्य आहेत. वेगवेगळ्या संगणकांवर अपूर्णांकांच्या गणितात सूक्ष्म फरक पडू नये म्हणून जगाची गणना स्थिर-बिंदू अंकांनी केली जाते. हरणाची ती जुनी अडचण इथे कशी सोडवली आहे, हे कुणीही विद्यार्थी स्वतः वाचून पाहू शकतो. मौर्यांच्या हत्तींचे आकडे त्याला पटले नाहीत, तर ते बदलून तो आपला खेळ उभा करू शकतो. त्यासाठी त्याला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.