अंशावर हिट, छेदावर भांडण

ब्रिटनमधल्या मजूरवस्त्यांचं आरोग्य तपासून १८४२ मध्ये एडविन चॅडविक यांनी एक अहवाल लिहिला. कोणत्या गावात प्रतिष्ठित माणूस सरासरी कितव्या वर्षी मरतो, व्यापारी कितव्या आणि मजूर कितव्या, याचे तक्ते त्यात होते. पुढे आलेल्या आरोग्य कायद्यामागे या तक्त्यांचं मोठं वजन होतं. एडविन यांना चोवीस वर्षांनी लहान असलेला एक सावत्र भाऊ होता, हेन्री. हा १८२४ साली एक्झिटरला जन्मला आणि १८३७ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेत, ब्रुकलिनला गेला. तक्ते मांडायची खोड दोघांनाही सारखीच होती. अमेरिकी बेसबॉलच्या प्रत्येक बॅटरच्या नावापुढे आज तीन दशांश स्थळांची जी सरासरी छापतात, तिचा माग काढत गेलं की या धाकट्या चॅडविकपाशी येऊन थांबावं लागतं.

हेन्री मूळचे क्रिकेटचे वार्ताहर. १८५६ मध्ये न्यूयॉर्कसमोरच्या होबोकन गावी क्रिकेटचा सामना आटोपून परतताना त्यांनी बेसबॉलचा एक चुरशीचा सामना पाहिला आणि अमेरिकनांचा राष्ट्रीय खेळ व्हायला हाच लायक आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. खेळाला राष्ट्रीय करायचं तर त्याच्या नोंदी हव्यात. सामन्याचा गोषवारा चौकटीत छापायची पद्धत १८४५ पासून होती. खेळाडूचं नाव, तो किती वेळा बाद झाला आणि त्याने किती धावा केल्या, एवढाच तिचा ऐवज. चॅडविक यांनी १८५९ च्या सुमारास त्या चौकटीत क्षेत्ररक्षणाचे रकाने घातले. बॉक्स स्कोअर म्हणतात तो हा. १८६० पासून ते दहा सेंटांची एक वार्षिक पुस्तिका संपादित करू लागले आणि आदल्या मोसमाच्या सरासऱ्या तिच्यात छापू लागले.

सरासरी काढायची पद्धत त्यांनी सरळ क्रिकेटवरून उचलली होती. धावांना सामन्यांनी भागायचं, आणि तेही अपूर्णांकात नाही. दहा सामन्यांत ३६ धावा केल्या तर ‘तीन आणि वर सहा’ असं लिहायचं. दुकानाच्या वहीत शोभेल असा हिशेब. त्यातली गोम अशी की बेसबॉलमध्ये धाव एकट्याची नसते. तुम्ही चेंडू टोलवून पहिल्या बेसवर पोचलात तरी चौथा टप्पा गाठून घरी यायला मागच्या बॅटरांनी टोलवत राहावं लागतं. बऱ्या संघातला सामान्य खेळाडू धावांच्या यादीत वर दिसायचा आणि वाईट संघातला चांगला खेळाडू बेसवर ताटकळत राहायचा.

म्हणून धावेच्या जागी हिट आली, म्हणजे बॅटर ज्या फटक्यावर स्वतःच्या बळावर बेस गाठतो तो फटका. अंश सुधारला, छेद मात्र अजून सामन्यांचाच होता. वॉशिंग्टनच्या एच. ए. डॉब्सन यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘न्यूयॉर्क क्लिपर’ या पत्राला लिहून त्यातला अन्याय दाखवला. सामन्यात कुणाला सहा वेळा बॅट मिळते, कुणाला चार वेळा; मग सामन्याने भागून काय उपयोग? जितक्या वेळा बॅट हातात आली, तितक्यांनीच भागा. चॅडविक यांनी ही सूचना उचलून धरली. १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली ती हाच भागाकार घेऊन, आणि आजच्या नोंदीनुसार ०.४२९ सरासरीचे शिकागोचे रॉस बार्न्स तिचे पहिले अव्वल बॅटर ठरले.

हिशेब इथेच मिटायला हवा होता. पण ‘बॅट हातात आली’ कधी म्हणायचं, यावर पुढची दीडशे वर्षं खल चालू आहे. अंशाची भांडणं त्यामानाने थोडी. खरी भांडणं छेदाची.

वॉकचंच बघा. पिचरने ठरावीक संख्येने आवाक्याबाहेरचे चेंडू टाकले (आता चार, पूर्वी याहून जास्त), की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. यात बॅटरची कमाई काहीच नाही, ही पिचरची चूक, असं चॅडविक यांचं ठाम मत होतं. स्वतःच्या हाताने कमावलं तेवढंच आपलं, हा त्या पिढीचा धर्म. तो त्यांनी आकडेमोडीत आणला, असं मला वाटतं. म्हणून वॉक अंशातही नाही आणि छेदातही नाही. जणू तो घडलाच नाही. १८८७ मध्ये एकाच मोसमापुरता उलटा प्रयोग झाला आणि वॉक हिट म्हणून धरला गेला. सेंट लुइसचे टिप ओ’नील त्या वर्षी ०.४९२ वर गेले. जवळजवळ दर दोनमागे एक! दुसऱ्या वर्षी नियम मागे घेतला, आणि पुढच्या संशोधकांनी वॉक वजा करून ओ’नीलना ०.४३५ वर आणून बसवलं. माणूस तोच, मोसम तोच, सरासऱ्या दोन.

शिवाय हिट झाली की क्षेत्ररक्षक चुकला, हे ठरवणारा अधिकृत स्कोअररही माणूसच. कित्येक दशकं हे काम वर्तमानपत्रांचे वार्ताहर करत. १९१० मध्ये त्यातून जे नाटक घडलं, त्याची सर आजवर कशाला आलेली नाही. चामर्स मोटार कंपनीने सर्वाधिक सरासरीच्या खेळाडूला गाडी जाहीर केली होती. शर्यतीत दोघे उरले: डेट्रॉइटचे टाय कॉब आणि क्लीव्हलंडचे नॅप लाजोवे. कॉब थोर खेळाडू, पण विलक्षण अप्रिय. आघाडी पक्की समजून ते शेवटचे दोन सामने बाहेर बसले. शेवटच्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, लाजोवे सेंट लुइसविरुद्ध पाठोपाठ दोन सामने खेळले. सेंट लुइसचे मॅनेजर जॅक ओ’कॉनर यांनी आपल्या नवख्या तिसऱ्या बेसमनला, रेड कॉरिडेनला, पार मागे गवतावर उभं केलं. लाजोवे यांनी मग चेंडू बॅटने नुसता अलगद पुढे ठेवायचा आणि पळत सुटायचं, असा सपाटा लावला. दिवसअखेर आठ हिट झाल्या, त्यांतल्या बहुतेक अशाच. एक चेंडू स्कोअररने हिट धरला नाही, तर सेंट लुइसच्याच गोटातून हॅरी हाउअल यांनी त्याला चिठ्ठी पाठवली: हिट लिही, नवा सूट शिवून देतो. स्कोअरर बधला नाही, हे नोंदवायला हवं.

बोभाटा झाला. ओ’कॉनर आणि हाउअल यांची हकालपट्टी झाली. अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी हिशेब पुन्हा तपासून कॉब यांना निसटत्या फरकाने अव्वल ठरवलं, आणि कंपनीने शहाणपणा करून दोघांनाही गाड्या दिल्या. हे सगळं मिटल्यावर सत्तर वर्षांनी पीट पामर या संशोधकाला लीगच्या जुन्या खतावण्या तपासताना दिसलं, की कॉब यांचा एक सामना दोनदा चढवला आहे. त्यातल्या दोन हिट काढल्या की लाजोवे पुढे जातात. ‘स्पोर्टिंग न्यूज’ने १९८१ मध्ये हे छापलं. बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांनी निकाल बदलायला नकार दिला. एवढी वर्षं झाली, आता राहू द्या, असा एकूण भाव. खतावणीत चूक सापडल्यावर कोणता मुनीम असं म्हणेल?

दोन जादा हिटांचा परिणाम लांबवर गेला. कॉब यांच्या कारकिर्दीच्या हिट ४,१९१ मानल्या जात. संशोधकांच्या हिशेबाने त्या ४,१८९. सिनसिनाटीच्या पीट रोझ यांनी ११ सप्टेंबर १९८५ रोजी ४,१९२ वी हिट मारली तेव्हा घरच्या मैदानावर टाळ्या थांबेनात. दुरुस्त आकडा धरला तर विक्रम तीन दिवसांपूर्वी शिकागोतच मोडला होता, आणि तेव्हा तो साजरा करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

१९४१ ची गोष्ट बेसबॉलवेड्यांना पाठ असते. बोस्टनच्या टेड विल्यम्स यांची सरासरी शेवटच्या दिवशी सकाळी ०.३९९५५ होती, म्हणजे छापताना ०.४००. बसून राहिले असते तरी चाललं असतं आणि मॅनेजर जो क्रोनिन यांनी तशी मुभाही दिली होती. विल्यम्स फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळले, आठांत सहा हिट मारून ०.४०६ वर थांबले. त्यानंतर नॅशनल वा अमेरिकन लीगमध्ये पूर्ण मोसमात ०.४०० कुणी गाठलेलं नाही. पण त्याच मोसमात त्यांनी जवळपास दीडशे वॉकही मिळवले. पिचर त्यांना चेंडू द्यायलाच घाबरत, आणि वाईट चेंडूला बॅट न लावण्याचा त्यांचा संयम दगडासारखा होता. ०.४०६ मध्ये या संयमाचा मागमूस नाही.

हा भागाकार किती आंधळा आहे हे एका थट्टेने अधिक चांगलं दाखवलं. १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुइस ब्राउन्सचे मालक बिल वेक यांनी एडी गेडेल नावाच्या तीन फूट सात इंच उंचीच्या माणसाला ⅛ क्रमांकाचा गणवेश चढवून खरोखर बॅटिंगला पाठवलं. तो वाकून उभा राहिल्यावर पिचरला नेम धरायला जागाच उरली नाही. चार चेंडू, वॉक, टाळ्या. पुन्हा तो कधी खेळला नाही. त्याची बॅटिंग सरासरी काढता येत नाही. छेदात शून्य आहे. आणि किती वेळा बेसवर पोचला असं विचारलं, तर त्याचा हिशेब शंभर टक्के.

तो दुसरा प्रश्न गंभीरपणे विचारणारा माणूस तेव्हा ब्रुकलिनमध्येच होता, चॅडविक यांच्या गावात. मॉन्ट्रियलच्या ॲलन रॉथ यांना तिथल्या डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी १९४७ मध्ये पूर्णवेळ आकडेतज्ज्ञ म्हणून नेमलं होतं. १९५४ मध्ये रिकी यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात लेख लिहून सांगितलं, की बॅटिंग सरासरी सोडा, बॅटर किती प्रमाणात बेसवर पोचतो ते मोजा. वॉक परत हिशेबात आला. लीगने या प्रमाणाला अधिकृत जागा दिली ती १९८४ मध्ये, तीस वर्षांनी. तोवर कॅन्ससमध्ये एका कारखान्यात रात्रपाळीची राखण करणारे बिल जेम्स स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून हेच वाचकांच्या गळी उतरवत होते. याच हिशेबावर बांधलेला २००२ चा ओकलंडचा संघ, त्याचे सलग वीस विजय, त्यावरचं पुस्तक आणि सिनेमा हे बहुतेकांना ठाऊक आहे. तो भाग इथे पुन्हा उगाळत नाही.

वॉकचा वाद निदान चालू तरी होता. काही माणसांचे मोसमच्या मोसम कुणी हिशेबातच घेतले नव्हते. १९६८ मध्ये एक समिती बसली आणि कोणत्या लीगना ‘मेजर’ म्हणायचं ते तिने ठरवलं. १८८४ मध्ये एकच मोसम जगलेली युनियन असोसिएशन तिला चालली. गोऱ्यांच्या मैदानाबाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग तिने विचारातही घेतल्या नाहीत. ही चूक मान्य व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मेजर मानलं गेलं, आणि २९ मे २०२४ रोजी त्यांचे आकडे मुख्य नोंदीत मिसळले. होमस्टेड ग्रेजचे जॉश गिब्सन ०.३७२ सरासरीने टाय कॉब यांच्या वर गेले. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारले. त्यानंतर तीन महिन्यांनी कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून गोऱ्यांच्या मैदानात उतरले.

काहींनी लगेच कुरकुर केली: तिकडचे मोसम लहान, सामने थोडे, मग बरोबरी कशी? छेदाचा जुनाच वाद. मोसम लहान होते, कारण पोटासाठी हे संघ गावोगाव खेळत फिरत आणि तसले सामने लीगच्या हिशेबात नव्हते. लीगचे सामनेही ‘पिट्सबर्ग कुरिअर’, ‘शिकागो डिफेंडर’ अशा कृष्णवर्णीयांच्या पत्रांतून एकेक चौकट वेचून गोळा करावे लागले, आणि अजून सुमारे पाऊण हिस्साच हाती लागला आहे. विली मेज वयाच्या सतराव्या वर्षी, १९४८ मध्ये, बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळले होते. त्या मोसमातल्या दहा हिट त्यांच्या खात्यात जमा झाल्या आणि एकूण ३,२९३ झाल्या. त्याच मोसमात त्यांनी एक होम रनही मारला होता. वर्तमानपत्राच्या वृत्तांतात त्याचं वर्णन आहे, पण त्या सामन्याचा बॉक्स स्कोअर सापडलेला नाही. म्हणून मेज यांचे होम रन ६६० होते, तेवढेच राहिले.