रेनहिलची शर्यत, दुसऱ्यांदा

बीबीसीच्या ‘टाइमवॉच’ या इतिहासविषयक मालिकेतील एका माहितीपटात ‘रॉकेट’ या वाफेच्या इंजिनाची गाजलेली शर्यत पुन्हा घडवली गेली. मूळ शर्यत ऑक्टोबर १८२९ मधली. लिव्हरपूलजवळच्या रेनहिल येथे ५०० पौंडांच्या बक्षिसासाठी वाफेची इंजिने एकमेकांशी भिडली होती. माहितीपटासाठी २००२ साली त्यांपैकी ‘रॉकेट’, ‘साँ पारेय’ आणि ‘नॉव्हेल्टी’ यांच्या प्रतिकृती पुन्हा रुळांवर उतरल्या. पण रेनहिलला नव्हे, वेल्समधल्या लँगोलेनच्या जुन्या मार्गावर. निकाल तोच लागला. रॉकेट जिंकले.

रॉकेटच्या विजयाचे श्रेय केवळ वेगाला देणे अपुरे वाटते. खरी करामत बॉयलरच्या पोटात होती. एका जाड नळीऐवजी तांब्याच्या २५ बारीक नळ्यांतून आगीची धग पाण्यात शिरे आणि वापरून झालेली वाफ धुराड्यात सोडल्याने भट्टी आपोआप फुलत राही. नॉव्हेल्टीला त्याच कामासाठी भाता लागे. टिमथी हॅकवर्थचे साँ पारेय तर वजनाची मर्यादाच ओलांडून आले होते.

माहितीपट रंगतदार आहे, पण पुरावा म्हणून तो जपूनच वापरावा. प्रतिकृतींचे बॉयलर आजच्या सुरक्षा-नियमांनुसार बांधलेले, आणि मार्गही वेगळा.

मराठी वाचकासाठी एक धागा: १८५३ साली मुंबई-ठाणे मार्गावर धावलेली इंजिने न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत घडली होती. हे गाव रेनहिलच्याच लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर आहे.