शेवटचा वाटेकरी

विरारच्या एखाद्या वाडींतील सामाईक विहिरीची कल्पना करावी. तिला चार वाटेकरी आहेत. नवा वाटेकरी आला कीं आंकडा एकानें वाढवावयाचा, कोणी गेला कीं एकानें उतरवावयाचा, आणि आंकडा शून्यावर आला म्हणजे विहीर बुजवून जागा दुसऱ्या कामीं लावावयाची, असा ठराव आहे. यांत दोन चुका संभवतात. जाणारा न सांगतां गेला, तर विहीर उगीच राहते. नुकसान तेवढ्या जागेचें. उलट एकाचेंच जाणें दोनदां मांडलें गेलें, तर एखाद्याचा पोहरा आंत असतांनाच वर माती पडावयाची. संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यांत फाइलींचा कारभार पन्नासांहून अधिक वर्षें अशाच ठरावावर चालत आला आहे. आणि या दोन चुकांपैकीं कोणती पत्करावी, हें शिकण्यांतच त्याचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे.

ही युक्ति जॉर्ज कॉलिन्स यांच्या 1960 सालच्या निबंधांत आढळते. संगणकाच्या स्मृतींतील एकच यादी अनेक याद्या वापरीत असतां ती केव्हां पुसावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पुढें 1969 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीस आरंभ केला. तिच्यांत फाइल आणि फाइलीचें नांव या दोन वस्तू वेगळ्या आहेत. फाइलीची मूळ नोंद ‘आय-नोड’मध्यें असते, नांवें म्हणजे तिच्याकडे जाणाऱ्या वाटा. म्हणून मोजण्याहि दोन. नांवें किती, ही मोजणी डिस्कवर. त्या नोंदीस या क्षणीं किती ठिकाणांहून धरून ठेविलें आहे, ही स्मृतींत. दोन्ही शून्य झाल्याखेरीज जागा मोकळी होत नाहीं. शेवटचें नांव पुसलें तरी वाचणाऱ्याच्या हातची फाइल नाहींशी होत नाहीं, याचें कारण हेंच.

1975 सालच्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तींत या दोन्ही मोजण्यांस एकेक बाइट दिलेला होता. अशा आंकड्याची कमाल मर्यादा 127. त्यांत आणखी एक मिळविला कीं तो ऋण होतो. म्हणून फाइलीचीं 127 नांवें झालीं कीं गाभा पुढील नांव देण्याचें साफ नाकारी. वीज अचानक जाऊन डिस्कवरील मोजणी चुकली, तर काय करावें? त्यासाठीं बेल प्रयोगशाळेंतच टेड कोवाल्स्की यांनीं तपासनीस प्रोग्राम रचला. तो सर्व नांवें नव्यानें मोजून आंकडा पडताळतो, आणि बेवारस फाइलींस एका वेगळ्या कप्प्यांत ठेवतो.

1991 सालीं लिनस टोर्वाल्ड्स यांनीं लिनक्स प्रसिद्ध केलें, आणि 1996 पासून तें एकाच यंत्रांतील अनेक प्रोसेसरांवर चालूं लागलें. आतां एकाच आंकड्यास दोन हात एकदम लागण्याचें भय निर्माण झालें. वाचणें, बदलणें आणि लिहिणें हीं एकाच अखंड क्रियेंत होतील, अशी सोय करावी लागली. पण आंकडा आपली मर्यादा ओलांडील, ही शंका मागें पडली. कारण 32 अंकस्थानांच्या आंकड्यास ती फार दूरची वाटे.

ती दूर नव्हती, हें जानेवारी 2016 मध्यें दिसून आलें. गाभ्यांत किल्ल्यांचा एक जुडगा असतो. स्वतःजवळ असलेलाच जुडगा पुन्हां मागितला, तर आंकडा एकानें वाढे, पण उतरत नसे. ही पहिल्या जातीची, निरुपद्रवी दिसणारी चूक. परंतु तीच मागणी 4,29,49,67,296 वेळां केली कीं आंकडा फिरून शून्यावर येई, आणि वापरांतील जुडग्याची जागा मोकळी ठरे! त्या जागेंत आपला मजकूर भरून सामान्य वापरकर्त्यास सर्वाधिकार बळकावतां येत होते. न उतरविलेला आंकडाच शेवटीं पोहऱ्यावर माती लोटीत होता.

पॅक्स नांवाच्या स्वतंत्र प्रकल्पानें असें संरक्षण आधींच योजिलें होतें. 2017 सालीं लिनक्सच्या 4.11 या आवृत्तींत पीटर झाइल्स्ट्रा यांनीं मोजणीचा नवा प्रकार आणला. त्यांतील आंकडा मर्यादेस पोहोंचला कीं तेथेंच थिजतो. शून्यावर गेलेला पुन्हां वाढवूं गेल्यास इशारा मिळतो. थिजलेली वस्तु कधींच मोकळी होत नाहीं. तेवढी स्मृति वायां जाते. तें नुकसान जाणूनबुजून पत्करिलेलें आहे. आय-नोडच्या मोजणीस मात्र हा प्रकार तेव्हां लागू झाला नाहीं, कारण तेथें शून्य म्हणजे अंत नव्हे. सध्यां कोणी वापरीत नसलेला आय-नोडहि पुन्हां लागेल म्हणून स्मृतींत राखून ठेवतात. म्हणजे शून्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणीं नीट ठरविल्यावांचून कोणताहि नियम पुरा पडत नाहीं.

विरारहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यांत कित्येक खिशांतून अँड्रॉइडचे फोन असतात, आणि त्यांच्या गाभ्याशीं लिनक्सच असतें. एखादें छायाचित्र उघडलें, मिटलें कीं हे आंकडे चढतात, उतरतात. प्रवाशास त्याचा पत्ताहि नसतो. तो निर्धास्त बसूं शकतो, याचें श्रेय एका साध्या शहाणपणास आहे: हिशेबाचा भरंवसा नसेल, तर विहीर उघडी राहूं द्यावी, शेवटचा वाटेकरी गेला असें नुसतें मानून ती बुजवूं नये.