खानदेशातील रसग्रहणाची परंपरा

मराठी शाळांत कविता शिकवण्याची घडी बसली ती परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ने. 1854 साली निघालेल्या या वेचे-संग्रहामुळे जुनी कविता वर्गात आली. पुढे पाठांतर, अन्वयार्थ आणि मग वृत्त-अलंकार ओळखणे असा क्रम रूढ झाला.

खानदेशात या शिक्षणाला थोर शिक्षक लाभले. केशवसुत या भागात शिक्षकी करत होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवत. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरले, आणि तेथेच धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या वयाच्या कवीला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. त्यांची ‘फुलराणी’ चेतनगुणोक्तीचा नमुना म्हणून वर्गात आजही उपयोगी पडते: कळी लाजते, निसर्ग लग्नाची तयारी करतो.

खरा कस लागला तो 1952 नंतर. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी त्या वर्षी छापून आली. त्या निरक्षर होत्या, पण उपमा-रूपकांचे भांडार त्यांच्या बोलीत भरलेले होते. मनाला त्या उभ्या पिकात शिरणारे ढोर म्हणतात; कितीही हाकला, ते पुन्हा येते. अलंकाराचे नाव सांगून येथे काम संपत नाही. हाकलणाऱ्याची दमछाक विद्यार्थ्याच्या ध्यानात आली, तरच उपमेय-उपमानाचा संबंध उलगडतो. शेतात राबलेल्या मुलांना तो लवकर उमगतो. म्हणून बहिणाबाईंची कविता प्रमाण मराठीत ‘सोपी’ करून न शिकवता आधी बोलीतच मोठ्याने वाचावी.